लाल ठिपका असेल तिथंच

सगुणाबाईंना विजेचा पहिला झटका बसला तेव्हा त्यांनी हात जोडले होते.

पौडच्या भातगिरणीत नवी मोटर बसली त्या आठवड्यातली ही गोष्ट. तांदूळ पाखडून झाल्यावर हात धुतले आणि ओल्याच हातानं त्यांनी दिव्याचा खटका दाबला. खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. त्या दोन पावलं मागं सरल्या, पदर सारखा केला आणि भिंतीपुढं हात जोडले. गिरणीचा मालक पोट धरून हसला.

"मावशी, देव न्हाई तो! करंट हाय!"

"असंल," सगुणाबाई म्हणाल्या, "पर हात जोडायला काय जातंय?"

अशा होत्या सगुणाबाई. जे आपल्याला कळत नाही त्याला आधी नमस्कार, मग बाकीचं. नवरा कोंडीबा तापानं गेला तेव्हा मुलगा हैबतराव अकरा वर्षांचा. त्याला त्यांनी सूप आणि चाळणीच्या जोरावर वाढवला. अठरावं लागलं तसा तो पलटणीत भरती झाला आणि पुढं पलटणीबरोबर परमुलखात गेला. गाझा म्हणून गाव, तिथं नाना देशांच्या शिपायांबरोबर वाळूत पहारा करायचा, एवढंच त्यांना ठाऊक. त्या 'गाजा' म्हणायच्या. रोज सकाळी भैरोबाला पाणी घालताना त्याच्या नावाचं एक फूल जास्त वाहायच्या.

चौसष्ट सालच्या वैशाखात हैबतराव सुट्टीवर आला तो एक जड पेटी घेऊन. कॅनडाच्या कुणा शिपायाकडून त्यानं ती विकत घेतली होती. टेपरेकॉर्डर. झाकण उघडलं की वर दोन चकल्या, एकीवरून दुसरीवर तपकिरी फीत जायची.

"आये, बोल कायतरी," तो म्हणाला.

"काय बोलू?"

त्यानं फीत मागं फिरवून लावली. पेटीतून एक बाई म्हणाली, "काय बोलू?"

"ही कोण रं बया?" सगुणाबाईंनी विचारलं. आपला आवाज इतका म्हातारा झालाय हे त्यांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

पण हा सगळा खेळ सुरू होण्याआधीच एक भानगड झाली होती. पेटीच्या दोरीच्या टोकाला जो प्लग होता त्याला दोन चपटी पाती होती. आपल्या भिंतीतल्या सॉकेटची भोकं गोल. पातं काही केल्या आत जाईना. शिवाय त्या पेटीला वीजही निम्मीच लागायची, आपली पुरी वीज दिली तर जळून जाईल असं त्या कॅनडावाल्यानं बजावून सांगितलं होतं. चाळीस वर्षं तालुक्यातल्या धरणाची वीज मुंबईला गेली, आमच्या पौडात दिवा लागून दोनच वर्षं झालेली, आणि आता घरात अशी पेटी आली जिला ही वीज जास्त होते. याचं सगुणाबाईंना फार नवल वाटलं.

एसटी स्टँडाजवळ अलाउद्दीनचं दुकान होतं. सायकली, बॅटऱ्या, आणि लग्नासाठी लाउडस्पीकर. हैबतरावानं प्लग त्याच्या हातात दिला. अलाउद्दीननं तो उलटसुलट पाहिला.

"कापून आपला लावू?"

"कापायचं न्हाई, भाई. लांबून आलाय."

"मग हा जावई झाला," अलाउद्दीन म्हणाला. "आपल्या पाटावर बसत न्हाई, आपलं ताट पचत न्हाई, आनि कापायची बी सोय न्हाई. ह्याला मध्यस्थ लागंल."

चार दिवसांत त्यानं सागाच्या लाकडाचा एक ठोकळा केला. एका अंगाला चपट्या फटी, दुसऱ्या अंगाला आपल्यासारखे गोल पितळी खिळे. तो 'मध्यस्थ'. आणि वीज कमी करायला एक लोखंडी डबा. डब्यावर शेजारी शेजारी दोन सॉकेटं. एकात पुरी वीज, पुढंमागं रेडिओ घेतला तर असावी म्हणून. दुसऱ्यात निम्मी, जावयाच्या पथ्याची. निम्मीच्या डोक्यावर अलाउद्दीननं लाल रंगाचा ठिपका दिला.

"काकी, वाचायची गरज न्हाई. लाल ठिपका असंल तितंच घालायचं. दुसरीकडं न्हाई. काय?"

"लाल ठिपका असंल तितंच," सगुणाबाईंनी शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं.

त्याच सुट्टीत हैबतरावाची सोयरीक जमली. कोळवणच्या भिकूअण्णांची गंगू. सुपारी फुटली, साडी दिली, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला. गंगू आणि हैबतराव एकमेकांसमोर बसले तेवढंच. दोघांतलं कुणी बोललं नाही.

जाताना हैबतराव पेटी आईजवळ ठेवून गेला. त्यामागं कारण होतं. सगुणाबाईंना अक्षरओळख नव्हती. पत्र आलं की मास्तर शाळेच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे आणि आई ऐकायच्या आधी दहा माणसं ऐकायची. "आता तिकडनं चकली भरून धाडीन," तो म्हणाला. "तू एकटी बसून ऐक. आपलं दोघांचं बोलणं."

तशा दोन चकल्या आल्या. त्यांतला आवाज जरा जड यायचा, दुपारी झोपून उठलेल्या माणसासारखा. अलाउद्दीननं सांगितलं, "तितली मोटर हितल्या विजेवर जरा दमल्यागत चालती. पोरगं ठणठणीत हाय, काकी, मोटर दमलीय." मग श्रावण गेला, भादवा गेला, तिसरी चकली येईना. सगुणाबाई कुणाला बोलल्या नाहीत. भैरोबाला मात्र दोन फुलं जास्त जायला लागली.

*

ती आली खंडेनवमीला. एसटीचा कंडक्टर गिरणीवरून विचारत विचारत घरी आला. "पुण्याच्या स्टँडवर एका जवानानं दिली. म्हणला, म्हातारीच्याच हातात द्या." सुट्टीवर आलेला हैबतीचा कुणी दोस्त असेल असं सगुणाबाईंना वाटलं. त्यांनी कंडक्टरच्या हातावर गूळ ठेवला.

त्यांची पूजा नुकतीच आटोपली होती. खंडेनवमीला आपण ज्या हत्यारांवर जगतो त्यांना पुजायचं असतं. जातं, विळा, सूप, चाळणी सगळं धुऊन मांडलेलं. गिरणीतल्या मोटरलाही कुंकू लावतात हे त्यांनी दोन्ही वर्षं पाहिलेलं. म्हणून पेटी आणि लोखंडी डबा त्यांनी पुसून पाटावर मांडला, तोंड पूर्वेला करून. पेटीला कुंकू लावलं. डब्याला लावलं. डब्यावरच्या एका सॉकेटाला आधीच लाल होतं. दुसरं तसंच राहिलं होतं, बोडकं. एकाला लावायचं आणि एकाला नाही, असं देवाच्या कामात करू नये. त्यांनी त्यालाही लावलं.

शेजारची भिमाबाई पानसुपारीला म्हणून आली ती बसलीच. तिच्या कानांना एवढं ऐकू यायचं की दळण संपलं की नाही हे ती दोन घरं पलीकडून सांगायची.

"आली व्हय गं चकली? लाव की सगुणे. मी काय कुणाला सांगतीया?"

चकली लावायच्या ओढीनं सगुणाबाईंना तिला उठवायचंही सुचलं नाही. त्यांनी मध्यस्थात प्लग घातला. डबा फिरवून ठेवलेला, त्यामुळं कुठलं डावं आणि कुठलं उजवं हे त्यांच्या मनात आलंच नाही. त्यांना एकच ठाऊक होतं. त्यांनी लाल ठिपका पाहिला आणि तिथं घातलं.

पेटी गुणगुणली. आज पेटीवरचा दिवा जरा जास्तच लखलखला. आवाजही मोठा आला.

"आये. मी हैबती. आदी खाली बस. आनि भिमामावशी आली असंल तर तिला म्हनावं, घरला जा, दूध उतू जातंय."

"आगं बया!" भिमाबाई उडाली. "ह्याला कसं दिसलं?"

"आये, तुला धक्का बसंल. पर दुसऱ्या कुनाच्या तोंडून कळू ने म्हनून मीच सांगतो. मी आता..."

पेटीत शीळ वाजली. मागच्या जाळीतून निळसर उजेड आला, फट्‌ असा आवाज झाला आणि जळक्या रबराचा धूर निघाला. चकल्या थांबल्या. सगुणाबाईंनी धावत जाऊन मध्यस्थ ओढला. ओल्या कुंकवाची बोटं पितळेला लागली आणि खांद्यापर्यंत तोच जुना झटका बसला. या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत. त्या खाली बसल्या.

"मी आता काय?" भिमाबाई म्हणाली. "सगुणे, मी आता काय?"

संध्याकाळपर्यंत पौडानं ते वाक्य पुरं करून टाकलं होतं. मी आता तिकडंच राहणार. मी आता बाई केलीय. मी आता पलटण सोडून पळालोय. गोरी मडम, निळे डोळे, इथपर्यंत गोष्ट गेली. भिमाबाई शपथ घेऊन सांगत होती की 'मी आता' म्हणताना मागं बाईच्या बांगड्या वाजल्या.

अलाउद्दीन दिवेलागणीला आला. त्यानं पेटीची पाठ उघडली, नाक लावलं, मान हलवली. मग डब्याकडं पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिला.

"काकी, हे कुनी केलं?"

"काय?"

"हे दोन ठिपके."

सगुणाबाईंनी पाहिलं. एक रंगाचा, एक कुंकवाचा. दिव्याच्या उजेडात दोन्ही सारखेच लाल. त्यांच्या हातून सूप निसटावं तसं आतून काहीतरी निसटलं.

"मी पूजा केली रं," त्या म्हणाल्या. "मी देवाचं केलं आनि माझ्याच हातानं माझ्या पोराचं तोंड बंद केलं."

"तुमी कशाला, मी चुकलो," अलाउद्दीन म्हणाला. "निळा देतो, हिरवा देतो. पौडात ऱ्हाऊन मला कळू ने व्हय, का नवमीला समद्या घराला लाल ठिपके लागत्यात म्हनून?" त्यानं फीत चिमटीत धरून दिव्यापुढं नेली. "फीत धड हाय, काकी. पोरगं ह्यातच हाय. फकस्त ह्याला तोंड न्हाई ऱ्हायलं. उद्या सांजच्याला दुकानावर या. बगू."

*

दुसऱ्या दिवशी दसरा. लोक एकमेकांना आपट्याची पानं देत होते. दुपारी भिकूअण्णा कोळवणहून आले. त्यांनी सगुणाबाईंच्या हातावर सोनं ठेवलं, पण पाटावर बसले नाहीत.

"इहीनबाई, मी आयकलं ते खरं हाय का?"

"काय आयकलं?"

"मडम."

"मला ठावं न्हाई, अण्णा. द्येवाशपथ ठावं न्हाई. त्यो 'मी आता' म्हनला नि पेटी जळाली."

"कुठलीबी आई असंच म्हनंल," भिकूअण्णा म्हणाले. "चकली कवा आयकनार?"

"आज सांजच्याला. अलाउद्दीनच्या दुकानात."

"मी बी आयकनार."

आपलं दोघांचं बोलणं, असं हैबती म्हणाला होता. पण नाही म्हटलं तर ही सोयरीक याच उंबऱ्यात मोडणार हे सगुणाबाईंना दिसत होतं. त्या म्हणाल्या, "चला."

अलाउद्दीननं दुकानाची फळी लावून घेतली. पेटीचं नुसतं ते नाक त्यानं ठेवलं होतं, ज्याच्यावरून फीत घासत जाते. त्याच्या तारा त्यानं आपल्या लग्नातल्या लाउडस्पीकरच्या मशीनला जोडल्या होत्या. भोंगा काढून एक लहानसा स्पीकर लावलेला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मोटर मेलेली, त्यामुळं चकली बोटानं फिरवायची.

"आवाज वरखाली व्हईल," तो म्हणाला. "घाबरू नका. त्यो माज्या बोटाचा दोष."

त्यानं फिरवायला सुरुवात केली. हैबतराव आधी राक्षसासारखा बोलला, मग चिमणीसारखा, मग माणसासारखा झाला.

"...मी आता चालत येनार न्हाई. डावा पाय गुडघ्याच्या खाली ऱ्हायला न्हाई. वाळूत जुना सुरुंग व्हता. दोघं जन म्होरं गेले तवा कायबी झालं न्हाई, मी पाय टाकला नि उडाला. आये, मी गाजाला न्हाई. मी पुण्यात हाय. पलटणीच्या दवाखान्यात. तीन आठवडं झालं."

अलाउद्दीनचं बोट थांबलं. आवाज खोल बुडाला आणि बंद झाला.

पुण्यात. सगुणाबाईंच्या डोक्यात तेवढा एकच शब्द घुमत राहिला. तीन आठवडे रोज सकाळी पुण्याची गाडी गिरणीवरून गेली होती. धूळ उडते म्हणून त्यांनी तिला शिव्या घातल्या होत्या.

"फिरव," त्या म्हणाल्या.

"तार करू नका म्हनून मीच साहेबाच्या पाया पडलो. तार आली की मास्तर ओट्यावर वाचनार. हे शेजारच्या वार्डातल्या साहेबाचं मशीन हाय, त्यावर बोलतोय. लाकडाचा पाय देनार हायेत. अलाउद्दीनभाईला सांग, मला बी आता मध्यस्थ बसवनार." तो हसला. बोट जरा घाईनं फिरलं होतं, त्यामुळं ते हसू पोरासारखं वाजलं. "आये, कोळवणला तू सोता जा. काय दडवू नगं. भिकूअण्णाला न्हाई, गंगूला इचार. तिनं न्हाई म्हटलं तर तिची चूक न्हाई. साडी मागू नगं. येवढंच. मग तू ये."

फीत सरली आणि तिचं टोक चकलीवर फटफट आपटत राहिलं. अलाउद्दीननं तिच्यावर हात ठेवला.

भिकूअण्णांनी टोपी काढली होती. कधी काढली ते कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी ती परत घातली, फळी सरकवली आणि स्टँडकडं निघून गेले. सगुणाबाईंना त्यांचा राग आला नाही. लेकीचा बाप आणखी काय करणार?

*

सकाळी सगुणाबाई दशम्या बांधून स्टँडवर आल्या. कोळवणला मागनं जाऊ, आधी पोराला डोळ्यानं बघू, असं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. पुण्याची गाडी लागली होती, पण सुटायला अवकाश होता. तेवढ्यात कोळवणची गाडी आली आणि तिच्यातून भिकूअण्णा उतरले. त्यांच्या मागं गंगू. काखेत बोचकं.

साडी परत करायला आले, सगुणाबाईंच्या मनात आलं. त्यांनी भैरोबाचं नाव घेतलं आणि उभ्या राहिल्या. मागू नगं असं त्यानं सांगितलं होतं. आणून दिली तर काय करायचं हे सांगितलं नव्हतं.

"रातभर डोळ्याला डोळा न्हाई, इहीनबाई," भिकूअण्णा म्हणाले. "मी हिला समदं सांगितलं. ही म्हनती, तुमी आयकलं ते तुमी आयकलं. मला माज्या कानानं आयकू द्या. मी म्हनलं, पोरीच्या जातीला काय करायचंय? तर म्हनती, त्यांनी मला इचारलंय, तुमाला न्हाई."

गंगू खाली मान घालून उभी होती, पण बोचकं तिनं घट्ट धरलं होतं.

अलाउद्दीननं परत फळी लावली. चकली चढवली. गंगू एकदम म्हणाली, "मी फिरवू?"

त्यानं तिला जागा दिली. तिनं बोट लावलं आणि फार हळू फिरवलं. हैबतराव विहिरीतून बोलल्यासारखा बोलला.

"हे असंच जड बोलत्यात का, आत्याबाई?"

"न्हाई गं," सगुणाबाई म्हणाल्या. "जरा भरभर फिरव. तसा न्हाई त्यो."

गंगूनं वेग वाढवला. आवाज वर आला, आणखी वर आला, आणि मग एका जागी नीट बसला. तिला ते कळलं. तिनं बोट तिथंच धरलं, इतकं सारखं, की अलाउद्दीनही चकित झाला. पाय न्हाई, हे तिनं ऐकलं. पुण्यात हाय, हे ऐकलं. मध्यस्थ ऐकलं तेव्हा तिनं अलाउद्दीनकडं पाहिलं, त्यानं खिशातून तो लाकडी ठोकळा काढून दाखवला. गंगूला इचार, इथं आल्यावर तिचं बोट चुकलं आणि तिचं नाव पेटीतून दोन सुरांत आलं. तिनं फीत मागं घेतली आणि तेवढंच पुन्हा ऐकलं.

फीत सरली.

"ह्याच्यावर बोलता बी येतं ना?" गंगूनं विचारलं. "मी बोलती. आत्याबाई न्हेतील."

अलाउद्दीनचा चेहरा पडला. "न्हाई, ताई. भरायचा भाग पार जळाला. आता हे नुस्तं आयकवतं, आयकून घेत न्हाई."

सगुणाबाईंनी डोळे मिटले. माझं कुंकू, त्यांना वाटलं. माझंच कुंकू.

गंगूनं बोचकं उचललं. "मग पुण्याची गाडी कवा सुटती?"

"का?" भिकूअण्णांनी विचारलं.

"इचारलंय ना त्यांनी? मशीन आयकत न्हाई म्हनतात. तोंडानंच सांगून येती."

सगुणाबाई तिच्याकडं पाहतच राहिल्या. खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. या खेपेला कुठं तार नव्हती, पाणी नव्हतं. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. भिंतीपुढं नव्हे, त्या पोरीपुढं.

"आत्याबाई, असं काय करताय?" गंगू म्हणाली आणि त्यांच्या हातातली दशम्यांची गाठोडी आपल्याकडं घेतली.

बाहेर कंडक्टरनं घंटी ओढली. भिकूअण्णा अजून दुकानातच उभे होते. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि गाडीच्या दिशेनं हात वर करून ओरडले, "ये, थांब, थांब! तिघं हायेत!"